भिलाभाऊंचं नाक

माझे पप्पा रतनलाल खांडबाऱ्याच्या बाजारात किराणा दुकान चालवतात. आमच्या घराचा पाण्याशी संबंध दोनच कारणांनी येतो. एक म्हणजे दुकानासमोर सकाळी मारायचा सडा आणि दुसरं म्हणजे उकळून, गाळून प्यायचं पाणी. मी मालवणला स्कूबा डायव्हिंग शिकायला निघाले तेव्हा पप्पा गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "बुडायचं शिकायला कुणी एवढ्या लांब जातं का गं किंजल?"

मी गेले. दीड वर्ष टाक्या उचलल्या, होड्या धुतल्या, पर्यटकांच्या ओकाऱ्यासुद्धा पुसल्या. डाइव्हमास्टर व्हायला आता एकच सही बाकी होती. नवशिक्यांच्या एका पूर्ण वर्गाला प्रशिक्षकाची मदतनीस म्हणून उभं राहायचं, वर्ग पार पडला की वहीत सही. नशीब बघा, तो वर्ग निघाला आमच्याच भागात. उकाई धरणाचं पाणी नवापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांच्या दारापर्यंत येतं. नाव उलटली तर गावातल्याच कुणाला तरी खाली उतरून शोधता यावं, म्हणून एका संस्थेने तिथल्या सहा मच्छीमारांना शिकवायचं ठरवलं. प्रशिक्षक होत्या माझ्याच यामिनी मॅडम. त्या मालवणच्या, आवाज खणखणीत आणि चूक दिसली की माफी नाही. जागा मिळाली ती एका लग्नाच्या लॉनमागचा पोहण्याचा तलाव. महिना मार्गशीर्षाचा, आणि पाणी इतकं गार की पहिल्या दिवशी माझे दात माझं ऐकेनात.

मॅडमचा नियम पहिल्याच तासाला ठरला. "किंजल, शिकवणार मी. तू फक्त करून दाखवायचंस आणि लक्ष ठेवायचंस. तोंड कमी चालवायचं." शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायची काही गरज नव्हती.

सहापैकी पाच जण दोन दिवसांत पाण्याखाली आरामात बसायला लागले. अडले फक्त भिलाभाऊ. भिला गावित, पंचेचाळिशीचे, सहा जणांत सगळ्यांत पट्टीचे पोहणारे. दम धरून खाली जायचे आणि अडकलेलं जाळं सोडवून वर यायचे, असं बाकीचे सांगत. पण पाठीवर टाकी आणि तोंडात नळी दिली की तळाला टेकल्यावर अर्ध्या मिनिटात खोकत वर. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क चेहऱ्यावर असा आवळून बसायचा की काढल्यावर कपाळापासून ओठापर्यंत लाल वळ उठलेला असायचा.

"घाबरू नका हो भिलाभाऊ," मी म्हणाले. एकदा नाही, दहादा म्हणाले. दहाव्यांदा तर ओरडूनच म्हणाले. ते काठावर जाऊन बसले. सहांतला दिनेश, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आगाऊ, खिदळला. "भिलाकाका, टाकी नको, तुमले ट्यूब देऊ का ट्यूब?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला बाजूला घेतलं. "उद्या चारला परीक्षा. पाण्याखाली मास्क काढायचा, एक मिनिट तसंच श्वास घेत बसायचं, मास्क परत लावून त्यातलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं. हे जमलं नाही तर भिलाभाऊ घरी जातील. मी एखाद्याला दयेने पास करत नाही, किंजल. तसा पास केलेला माणूस खरोखरच्या पाण्यात मरतो."

बरोबरच होतं त्यांचं. म्हणूनच मला जास्त राग आला.

जेवणाच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन भिलाभाऊंच्या शेजारी बसले. माफी मागायची होती, पण माफी मागायची मला सवय नाही, म्हणून नुसतीच बसले. शेवटी तेच बोलले.

"ताई, मी पाणीले भ्यास नई. तुमी दहा डाव 'घाबरू नका' म्हननात, ते माले लागनं."

"चुकलं मन्हं," मी म्हणाले. "पण मंग व्हस काय नेमकं?"

"हवाच येत नई. मी फुकस, फुकस, आनि छाती रिकामी व्हई जास." मग म्हणाले, "दोन वरीस पहिले मन्हा भाचानी नाव उलटनी. मी दम धरीसन वीस डाव खाले गऊ. हात लागना नई. बाहेरना पाणबुड्या येवाले दोन दिस लागनात. मन्ही बहीण दोन दिस काठवर बशी व्हती. म्हनीसन मी आठे शिकाले ऊनू."

हा माणूस उद्या माझ्यासमोर नापास होऊन घरी जाणार होता आणि मी त्याला घाबरट ठरवून मोकळी झाले होते.

त्यांनी पिशवीतून पावरी काढली. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला शिंग. गावाकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव चालू होता आणि वाजवणारे तेच, त्यामुळे रोज वर्ग संपला की त्यांना तडक गावी पळावं लागे. आज पावरीचा आवाज नीट निघतो का, एवढंच ते बघत होते. तोंडाला लावली आणि सुरू झाले. सूर निघाला तो निघालाच. मी भाकरी संपवली, हात धुऊन आले, तरी तोच सूर, कुठे खंड नाही.

"भाऊ, तुमी श्वास कव्हय घेतस?" मी विचारलं.

त्यांनी पावरी न काढताच बोटाने नाक दाखवलं. मग थांबून मला समजावलं. गालात हवा साठवायची, ती गालांनी फुंकत राहायची आणि तेवढ्यात नाकाने नवीन ओढून घ्यायची. नाचणाऱ्यांचं रिंगण फिरत असताना पावरी तुटली तर नाच मोडतो. दहा वर्षांचे असल्यापासून ते हेच करत होते. तोंडात नळी आली की ती फुंकायची आणि हवा घ्यायची ती नाकाने.

मी कपाळावर हात मारून घेतला. पाण्याखाली तोंडातल्या नळीतून हवा ओढायची असते आणि नाक असतं मास्कच्या आत बंद. भिलाभाऊ नळी फुंकत होते पावरीसारखी आणि नाकाने ओढत होते रिकामा मास्क! म्हणून तो चेहऱ्याला चिकटत होता. भीती कसली, त्यांना जे फार चांगलं येत होतं तेच आडवं येत होतं. आणि पहिल्या दिवशी "नळीत पाणी शिरलं तर आधी जोरात फुंका" असं सांगून वर पावरीला आमंत्रण कुणी दिलं होतं? मीच.

मी धावत मॅडमकडे गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे घड्याळ पाहिलं. "कमरेइतक्या पाण्यात, माझ्या डोळ्यांसमोर. एक तास."

"पावरी उलटी वाजाडा भाऊ," मी सांगितलं. "तोंडघाई ओढा, नाकघाई सोडा." तोंडाने आत, नाकाने बाहेर. आधी काठावर कोरडंच. त्यांच्या नाकाखाली मी माझा तळहात धरला. गरम हवा हाताला लागली की बरोबर, नाहीतर चूक. पहिल्या वीस वेळा चूक. भिलाभाऊ घामाघूम, मी रडकुंडीला. दिनेश पुन्हा काहीतरी बोलायला लागला तेव्हा मी त्यालाच समोर बसवला आणि भिलाभाऊंच्या नाकाखाली हात धरायचं काम दिलं. तो मन लावून हात धरून बसला. एकविसाव्या वेळी तोच ओरडला, "लागनी! हवा लागनी!" तासाभरात भिलाभाऊ गुडघ्यावर बसून पाण्याखाली पाच मिनिटं काढायला लागले, पण मास्क लावून. मास्क काढल्यावर नाकाला जुनी सवय आठवली तर काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला परीक्षा सुरू झाली. भिलाभाऊंचा नंबर शेवटचा. तळाला मॅडम समोर बसलेल्या, मी बाजूला. मॅडमनी खूण केली. भिलाभाऊंनी मास्क काढला. चेहरा उघडा, डोळे घट्ट मिटलेले. पहिल्या श्वासाला त्यांचे खांदे एकदम वर गेले आणि माझा हात आपोआप त्यांच्या दंडाकडे निघाला. मॅडमनी तो मधेच धरला. मग नाकातून बुडबुडे निघाले. पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. एक मिनिट एवढं लांब असतं हे मला माहीत नव्हतं. मास्क परत चढला, त्यातलं पाणी फुर्रकन बाहेर गेलं आणि काचेमागे त्यांचे लालभडक डोळे उघडले. मी पाण्याखाली हसले, आणि हसताना माझ्याच मास्कमध्ये पाणी शिरलं.

वर आल्यावर काठावरच्या पाच जणांनी एकच गिल्ला केला. दिनेशने तर अंगातला शर्ट काढून गरागरा फिरवला. भिलाभाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी टाकीला जोडलेलं हवेचं घड्याळ हातात घेतलं आणि मला विचारलं, "ताई, कितली उरनी?"

"अर्धी शे अजून."

ते काट्याकडे बघत राहिले. "तव्हय इतली हवा ऱ्हाती," ते हळूच म्हणाले, "ते मी भाचाले त्याच दिस आनी देतू."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भिलाभाऊंनी ओल्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली.

"रडू नको वं पोरी. आखो एक डाव जाऊ दे माले खाले. अर्धी टाकी वाया कसाले घालवानी?"

मी मॅडमकडे पाहिलं. वर्ग संपला होता आणि वेळ संपल्यावर मॅडम कुणाला पाण्यात एक मिनिट राहू देत नाहीत. त्यांनी माझी वही काढली, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"जा त्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तुझा विद्यार्थी आहे."

मी मास्क चढवला आणि भिलाभाऊंच्या मागे खाली गेले.