पानबाबांच्या वाडग्यातलं विष

भाजीबाजारामागच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टुलावर बसलेले पानबाबा ओरडत होते, "पानांचा अर्क माझा, विष तुमचं! आधी शुद्धीची भुकटी चोळा, मग हात वाडग्यात!"

एकेकाचे हात जांभळ्या अर्कात बुडायचे आणि अर्क हिरवागार व्हायचा. "बघा, विष!" मग बाबा पुटपुटत 'अमृता'चे थेंब टाकायचे. अर्क गुलाबी झाला की रोगी बरा. इतक्या झटपट तर चहासुद्धा होत नाही.

भाजीवाली मावशी मात्र रांगेतल्या नवऱ्यावरून नजर हटवत नव्हती. परवा तिच्या नवऱ्याचा वाडगा गुलाबी झाला आणि त्याने इन्सुलिन बंद केलं. तेव्हापासून तो सारखा पाणी पीत होता, बोलताना धापा टाकत होता. तरी आज पुन्हा रांगेत! सांगून थकलेल्या मावशीने शेवटी भाचीला बोलावून घेतलं. भाची प्रयोगशाळेत टाकाऊ पानं, देठ, सालींमधून उपयोगी द्रव्यं काढायची.

तिने वाडग्याचा वास घेतला. "मावशी, जांभळ्या कोबीची वरची पानं तू काढून टाकतेस, ती कोण नेतं?"

"बाबांचा माणूस. गाईला घालतो म्हणाला."

"गाय बरीच शिकलेली दिसते." भाची पुढे झाली. "बाबा, तुमचेही हात बुडवा की."

"मी निर्विष आहे, पोरी!"

"मग भिता कशाला?"

"बुडवा, बाबा!" गर्दीतून आवाज आला. बाबांचा नाइलाज झाला. सकाळपासून भुकटी वाटणारे हात ते. असा हिरवा रंग आजवर कुणाचाच आला नव्हता.

"अगं बाई, यांनाच आधी भरती करा!" मावशी म्हणाली, आणि गोदाम खो खो हसलं.

"भुकटी म्हणजे धुण्याचा सोडा, अमृत म्हणजे लिंबू," भाची म्हणाली. "हा कोबीचा रंग सोड्यात हिरवा होतो, आंबटात गुलाबी. पानांत चांगलं पुष्कळ असतं, आम्ही तेच काढतो. पण ते कशावर चालतं हे तपासण्यात वर्षं जातात. तोवर आम्ही कुणाचं औषध बंद करत नाही."

"पण मला हलकं वाटत होतं," मावशीचा नवरा पुटपुटला.

"काका, साखर उतरली की नाही हे हलकं वाटण्यावरून कळत नाही, ती रक्तात मोजावी लागते. चला दवाखान्यात."

त्याने परवानगीसाठी बाबांकडे पाहिलं. मावशीचा बांध फुटला. "त्यांच्याकडे काय बघता? ते उद्या दुसऱ्या बाजारात बसतील. तुम्ही पडलात तर मी कुणाकडे बघू?"

तो रांगेतून बाहेर पडला आणि तिच्या खांद्याला धरून चालू लागला. आपण कोणतं औषध कुणाच्या सांगण्यावरून सोडलं, हे बाकीच्यांनीही घरी जाऊन एकदा आठवून पाहावं.