सव्वीस जानेवारीची बायांची सभा

अंजना भाद्रपदात गेली. कावीळ झाली, आधी गावठी औषध झालं, मग नारायणगाव झालं, मग पुणं झालं, आणि मग काही करायचं उरलं नाही. त्यानंतर तिच्या नवऱ्याने, सोपानने, कांद्याचं रोप टाकलं, कारण रोप टाकायची वेळ झाली होती. पुढे लागण केली, कारण लागणीची वेळ झाली होती. माणसं भेटायला येत, बोलत आणि उठून जात. कोण काय बोललं, हे नंतर त्याला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आई, साळुबाई, ताट पुढे ठेवी आणि तो जेवी.

जानेवारीत उपसरपंच सावळेराम मोटारसायकल काढून मळ्यात आला. पुण्याच्या संस्थेचा फोन आला होता, म्हणाला. ती डेन्मार्कची बाई येणार आहे. सव्वीस जानेवारीच्या सभेला.

अंजना सरपंच होती. दोन वर्षांपूर्वी त्या संस्थेने जुन्नर-आंबेगावातल्या काही बाया सरपंचांना डेन्मार्कला नेलं होतं. तीन आठवडे तिकडच्या एखाद्या नगरसेविकेच्या घरी राहायचं, तिच्याबरोबर तिच्या सभांना बसायचं, तिकडे गाव कसं चालवतात ते बघायचं. मग कधीतरी त्या नगरसेविकेने इकडे येऊन तसंच करायचं. अशी ती देवाणघेवाण होती. अंजनाच्या वाट्याला आलेली बाई इंगर नावाची होती. अंजना वारल्याचं तिला कळवलेलं होतं. तरी तिने निरोप दिला होता, की चालत असेल तर मी अंजनाच्याच घरी उतरेन.

सावळेरामचं म्हणणं पडलं, पाहुणीने त्याच्या बंगल्यावर उतरावं, तिथे गिझर आहे. सोपान म्हणाला, तिला विचारा. मग सावळेरामने सभेचं सांगितलं. ग्रामसभेच्या आधी बायांची सभा शाळेच्या हॉलमध्ये, तिथेच मोठं हळदीकुंकू, पाहुणीची ओटी, नऊवारी आणि नारळ. संक्रांतीचे दिवस आहेत, बाया झाडून येतील, पेपरात फोटो येईल. सोपान म्हणाला, "करा." सावळेराम खूश होऊन गेला. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव होती, पोटनिवडणूक जवळ आली होती आणि सावळेरामची बायको उभी राहणार होती. हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी कोंडाबाई आली. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. नवरा जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती. तिने चहा घेतला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच बसली.

"सोपाना, उद्याच्याला नव्या पाइपलाइनीचं ठरायचंय. नळाचा खांब आमच्या वस्तीवर टाकायचा का सावळ्याच्या चौकात, ते बाया ठरवणार. अंजना म्हनली व्हती, कोंडाकाकू, तुमचं तुमी सभंत बोला, म्या मदी पडनार न्हाई. आता मला सांग, मी आत येऊ कशी?"

सोपान तिच्यासमोर येऊन बसला.

"कुकवाचं ताट फिरनार हाय ना?"

"व्हय."

"मंग झालं." ती उठली. "तुझी बायकू असती तर हे इचारायची पाळी आली नसती."

ती म्हणाली ते खरंच होतं. डेन्मार्कला जायच्या आधी अंजनाही बायांची सभा हळदीकुंकवानेच भरवायची. हळदीकुंकू म्हटलं की बाया येतात. पण ज्यांचे नवरे गेलेत त्या येत नाहीत. त्यांना कोणी हाकलत नाही. ताट रांगेने येतं, त्यांच्यापाशी आलं की पुढे सरकतं, आणि सगळ्या बाया तेवढ्या वेळापुरत्या दुसरीकडे बघतात. इतकंच. पण एकदा ते झालं, की बाई पुन्हा येत नाही.

तिकडे इंगरच्या घरी अंजना राहिली आणि दोन-तीन दिवसांनी दुभाषीमार्फत तिने विचारलं, की मालक दिसत नाहीत, परगावी असतात का? इंगर म्हणाली, ते वारले. आणि त्याच संध्याकाळी लाल स्वेटर घालून ती सभेच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसली. परत आल्यावर अंजनाने सोपानला हे कितीदा तरी सांगितलं होतं. "अवो, ती बोलाया लागली की बाप्ये गप. आन् मी इचार करतीय, आमची कोंडाकाकू कुटं हाय?" त्या वर्षीच्या सभेत तिने ताट ठेवलं नाही. बाया कुरकुरल्या, काही आल्या नाहीत. पण कोंडाबाई आली, आणि तिच्यासारख्या आणखी चार-पाच आल्या.

कोंडाबाई गेल्यावर सोपानने आईला विचारलं, वडील गेल्यावर तू कधी सभेला का गेली नाहीस. साळुबाई मासवडीसाठी तीळ-खोबरं भाजत होती. पाहुणीला मासवडी खाऊ घालायची असं तिने ठरवलं होतं.

"कशाला जायाचं?" ती म्हणाली. "ताट आपल्या म्होरनं जातं ते बघाया?"

ती पुढे भाजत राहिली. सोपान तिथेच बसून राहिला. वाईट वाटायला हवं, हे त्याला कळत होतं.

इंगर सकाळी झेंडावंदनाच्या आधी आली. उंच, पिकल्या केसांची, पायात जाड बूट. बरोबर संस्थेची अश्विनी होती, ती भाषांतर करायची. इंगरने सोपानचा हात हातात धरला. मग तिने अश्विनीमार्फत विचारलं, अंजना सांगायची ती कोंडाबाई सभेत भेटेल ना? सोपान म्हणाला, बघू.

हॉल भरला होता. बाया सतरंज्यांवर, जरीच्या साड्या, गजरे. पुढे टेबल आणि खुर्च्या. सावळेराम माइकवर होता, आवाज फुटत होता. कोंडाबाई आणि आणखी दोघी आल्या होत्या, पण आत नाही. व्हरांड्यात खांबाला टेकून बसल्या होत्या, नुसत्या ऐकायला.

सावळेरामने आधी सोपानला पुढे बोलावलं. कैलासवासी सरपंचांचे पती म्हणून त्याचा सत्कार. टॉवेल, टोपी, नारळ. सावळेरामच्या बायकोने ताटातलं कुंकू बोटावर घेऊन सोपानच्या कपाळाला टिळा लावला. टाळ्या झाल्या. तेच ताट घेऊन ती इंगरच्या खुर्चीकडे वळली. इंगर हसली आणि मान पुढे केली.

सोपान नारळ हातात घेऊन तिथेच उभा होता. कोणावर राग नव्हता, उमाळा वगैरे काही आला नव्हता. त्याला फक्त एवढं दिसलं, की आपल्याला कोणी वगळलं नाही. बायको जाऊन पाच महिने झाले आणि आपल्या कपाळाला कुंकू आहे.

"थांबा वैनी," तो म्हणाला. "त्यांचे मालक वारलेत."

सावळेरामच्या बायकोचा हात हवेतच राहिला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. अश्विनी खालच्या आवाजात म्हणाली, की काका, त्यांना त्याचं काही वाटणार नाही, लावू द्या. सावळेरामनेही माइकवर हात ठेवून तेच म्हटलं. "परदेशी पावणं हायेत राव. त्यांच्यात नसतंय तसलं काय. उगं कशाला?"

"त्यांच्यात नसंल," सोपान म्हणाला. "मंग मला का लावलं? मी त्यांच्यातला हाय व्हय? माजी बायकू मेलीय, सावळेराम. मला टिळा चालतो आन् कोंडाकाकू व्हरांड्यात. हे कसं, तेवढं सांग आन् लाव."

तो मोठ्याने बोलला नव्हता. पण व्हरांड्यातही ते ऐकू गेलं. सावळेरामने घड्याळ बघितलं, मग म्हणाला, वेळ होतोय. मागून कुणी बाई म्हणाली, रीत ती रीत. तिच्या शेजारची म्हणाली, बाप्यांची रीत बरी हाय मंग, नारळबी मिळतो. थोड्या बाया हसल्या, बऱ्याच हसल्या नाहीत.

अश्विनी इंगरच्या कानाशी सगळं सांगत होती. इंगर ऐकत होती. हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. सावळेरामच्या बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा ताटाकडे. तिला पुढे या बायांचीच मतं मागायची होती, व्हरांड्यात बसलेल्यांचीही. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि त्यावर फडकं टाकलं.

"मागनं घरी लावू ज्यांना लावायचं त्यांना," ती म्हणाली. "सभा सुरू करा."

दोन बाया तेवढ्यात उठून घरी निघून गेल्या. तेवढी जागा झाली. कोंडाबाई आत आली, तिच्यामागून त्या दोघी. कोंडाबाई मागे बसली नाही. बायांच्या पायांवरून वाट काढत पुढे आली, टेबलासमोर उभी राहिली आणि पदर खोचला.

"नळाचं बोलायचंय," ती म्हणाली. "सावळ्याच्या चौकात तीन हिरी हायेत. आमच्याकडं बाया वढ्यातनं आन्त्यात. म्हातारी बाई हंडा घिऊन पडली तर चौकातला खांब तिला उचलाया येनार हाय का?"

सावळेराम म्हणाला, पाण्याला उतार चौकाकडे आहे, वस्तीवर चढ लागतो, खर्च वाढतो.

"इंजिनेर म्हनला का तू?"

बाया हसल्या, या वेळी पुष्कळ. अश्विनीला भाषांतर करता येईना, तीच हसत होती. कोणीतरी म्हणालं, हात वर करा. चौकासाठी बरेच हात वर झाले, वस्तीसाठीही झाले, आणि मोजणाऱ्याचा घोळ झाला. पुन्हा मोजायचं ठरलं.

सोपान अजून टेबलाशी उभा होता. पुढे काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. कोंडाबाईचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"सोपाना, तू भाईर जा आता," ती म्हणाली. "बायांची सभा हाय. सावळ्या, तू बी. तुमी हितं हुबं ऱ्हायलात की बाया हात वर करत न्हाईत."

सावळेराम माइक सोडून निघाला. सोपानने नारळ टेबलावर ठेवला, व्हरांड्यात येऊन चपला घातल्या. जनावरांच्या पाण्याची वेळ झाली होती. तो मळ्याच्या वाटेला लागला. ओढ्याच्या पुलापर्यंत कोंडाबाईचा आवाज येत होता. ती पुन्हा पहिल्यापासून सांगत होती, या वेळी सावकाश, त्या परक्या बाईलाही कळेल असं.