आवाज फायलीत हाय

मी माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही. बोईसरमध्ये बारा वर्षं लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. म्हणून माझा एडिटर अंकुश याने दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आधीच्या चोरीच्या विंडोजने व्हायरसपायी मान टाकली होती, हे खरं. पण लिनक्स फक्त अंकुशलाच कळायचं. म्हणजे दुकान माझं आणि किल्ली त्याच्या खिशात!

त्यात ते एडिटिंगचं सॉफ्टवेअर. दर अर्ध्या तासाला आपोआप बंद पडायचं. नवरीचं नाव मराठीत लिहावं, तर पडद्यावर नुसते चौकोन. फोल्डर जरा इकडचा तिकडे केला की क्लिप सापडत नाही म्हणून बोंब. मी अंकुशकडे डोळे वटारून बघायचे आणि तो म्हणायचा, "ताई, मी काय केला नाय. ते तसंच हाय." मार्चमध्ये त्याने दुसरं सॉफ्टवेअर आणलं. ते बंद पडत नव्हतं. मला वाटलं, सुटले एकदाची.

एप्रिलमध्ये वाणगावच्या पुढे एका पाड्यावर बुधा नावाच्या पोराचं लग्न होतं. तिथल्या वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. ती भिंतीवर रेखलेल्या लग्नचौकाच्या चित्रापुढे बसून गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. इथल्या धवलेरी रंभाबाई; त्या पट्ट्यातली निम्मी लग्नं त्यांनीच लावलेली. त्या गात होत्या तोवर मी कॅमेरा धरून उभी होते. अंकुश मात्र आपला कॅमेरा खाली ठेवून हात जोडून बसला. तो त्याच पाड्यावरचा. परत येताना म्हणाला, "ताई, हे गाणं असं पेन ड्राइव्हवर वाटायचं नाय." मी ते वाक्य मनात नीट गाठ मारून ठेवलं.

गाणं वाटायचा तसा प्रश्नच नव्हता. आमची पद्धत ठरलेली आहे. क्लिपा उघडल्या की आधी मूळ आवाज बंद करायचा आणि वर सनई नाहीतर सिनेमाची गाणी चढवायची. लोकांना तेच लागतं. बुधाची फिल्म तशीच केली. लग्न लागतानाचा भाग मी स्वतः कापून जोडला आणि पेन ड्राइव्ह पोचता केला.

मेमध्ये एक दिवस लाडकी दुकानात आली. रंभाबाईंची सून. लग्नांत त्यांच्या शेजारी बसून मागून गाणारी.

"सासूची वाचा गेली, ताई," ती म्हणाली. "अर्धं अंग बी गेलं. रविवारी लगीन हाय, मला उभं केलंय. मागून गायले, पन पुढचं सगळं मला येत नाय. तुमच्याकडं आवाज असल ना?"

"असेल म्हणजे? आहेच," मी म्हटलं आणि बुधाच्या क्लिपा उघडल्या. रंभाबाईंचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. दुसरी क्लिप, तिसरी, दहावी. सगळ्या मुक्या. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्यावर तोवर आणखी तीन लग्नं शूट झाली होती.

लाडकीला शनिवारपर्यंत आवाज घेऊन येते म्हणून सांगितलं आणि अंकुशला धरलं.

"आवाज का पुसलास?"

"मी नाय पुसला. आवाज फायलीत हाय, ताई. या सॉफ्टवेअरला कॅमेऱ्याचा आवाज समजत नाय, आधी बदलून घ्यावा लागतो. आपन वरून गाणी लावतो म्हनून मी बदलत बसलो नाय. साध्या प्लेअरमधी लावून दावतो."

त्याने माउसकडे हात नेला. मी तो हात झटकला.

"हात लावायचा नाही! उरलंसुरलंही पुसायचंय ना? गाणं वाटायचं नाही म्हणालास तेव्हाच मी ओळखलं होतं."

साध्या प्लेअरमध्ये लावायला मला तरी काय झालं होतं? खरं सांगायचं तर मला त्याला पकडायचं होतं. अंकुशने माझ्याकडे बघितलं, दुकानाची चावी टेबलावर ठेवली आणि जिना उतरून गेला. सहा वर्षांत त्याने माझी एक क्लिपही हरवलेली नव्हती, हे तेव्हा मला आठवलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी पालघरहून कमलेशला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. म्हटलं, हे लिनक्स काढ आणि विंडोज टाक.

"जुना डेटा ठेवायचा का, ताई?"

"तयार फिल्म्स घेतल्यात मी पेन ड्राइव्हवर. मुक्या क्लिपांचं काय लोणचं घालायचंय? पूस सगळं."

दुसऱ्या दिवशी नव्या विंडोजवर केळव्याच्या एका हळदीच्या मूळ क्लिपांचा पेन ड्राइव्ह लावला. परवा याच क्लिपा लिनक्सवर उघडल्या होत्या, तेव्हा मुक्या होत्या. गाणं चढवायचंच म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं. आता पहिल्याच क्लिपमध्ये नवऱ्याची आत्या खणखणीत शिंकली. म्हणजे अंकुश खरं बोलत होता; बुधाच्या क्लिपांतही आवाज होता. तश्शी कमलेशला फोन लावला. त्याने डिस्क दोन दिवस नेऊन खटपट केली आणि काहीच निघत नाही म्हणून परत आणून दिली.

शनिवारी पाड्यावर गेले. बुधाच्या घरी लाडकी टीव्हीपुढे बसली होती, खाटेवर उचलून आणलेल्या रंभाबाई आणि दाराशी अंकुश. मी आधी त्याच्याकडेच गेले.

"अंकुश, चुकलं माझं."

"मला नका सांगू," तो म्हणाला. "तिला सांगा."

लाडकीला सगळं सांगितलं. ती परत टीव्हीकडे वळली. तिने माझीच फिल्म लावली होती, सनई पार बंद करून. ती सासूच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि हळूहळू शब्द जुळवून गायची. एक ओळ लागली, मग दुसरी. खाटेवर रंभाबाईंचा डावा हात ताल धरत होता. माझ्या जिवात जीव आला. जमेल हिला, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात पडद्यावर नवरीच्या बांगड्या आल्या. मग मांडव, मग हसणारी पोरं. एकच बाई किती वेळ बघणार, लोक कंटाळतील, म्हणून मी मध्ये मध्ये घातलेलं सगळं. रंभाबाई परत दिसल्या तेव्हा गाणं कितीतरी पुढे गेलं होतं. लाडकी थांबली. तिने खाटेकडे बघितलं. रंभाबाईंनी तोंड उघडलं, नुसता श्वास बाहेर आला.

"हितं सासू गात व्हती, ताई," लाडकी म्हणाली. "तुमी बांगड्या दावल्या."

मी रिमोट घेतला आणि फिल्म मागे नेली. पुन्हा बांगड्याच आल्या.