पोटातून आलेलं

झेबाला पाचवा महिना लागला आणि तिनं डिप्रेशनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. बाळाला बाधतील, या भीतीनं. महिनाभरात तिनं अंथरूण धरलं. तिचा नवरा नोमान जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होता. त्यानं रजा टाकली आणि तिला पनवेलला मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर ऋचाकडे नेलं. सोबत झेबाची अम्मी, ताहिराही होती.

ऋचानं गरोदरपणात चालेल अशी गोळी सुरू केली.

"मलाच का होतं हे?" झेबानं विचारलं. "माझ्यात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. जनुकं जन्मभर तीच राहतात, पण त्यांतली कुठली जागी आणि कुठली झोपलेली, हे ताणानं बदलू शकतं. आई पोटुशी असताना तिनं खूप सोसलं, तर त्याची खूण बाळावरही राहू शकते. तुमचं तसंच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि उपचारानं या खुणा बदलूही शकतात, असं दिसू लागलंय."

झेबाला कित्येक वर्षांनी हलकं वाटलं. परतताना रिक्षात तिनं सहज विचारलं, "अम्मी, अब्बा कुवेतमध्ये वारले तेव्हा मी पोटात होते ना?"

"सातवा होता. मय्यत पण बघायला मिळाली नाय. पडून असायची मी. पोरीसाठी तरी खा, म्हणायचे सगळे." ताहिरा रस्त्याकडे बघत राहिली. "म्हणजे मीच दिलं तुला."

"डॉक्टर तसं नाही म्हणाल्या."

"मला समजलं काय म्हणाली ती."

त्यानंतर ताहिराचं बोलणंच आटलं. झेबा हळूहळू सावरत गेली आणि अम्मी खंगत गेली. डॉक्टरांकडे चल म्हटलं की म्हणायची, "आता मला बरं करून काय उपयोग?"

झेबाला मुलगी झाली. बाळंतपणाला घरी नेते म्हणणारी ताहिरा हॉस्पिटलात आली ती दारातच थांबली. झेबानं बाळ पुढे केलं, तशी ती मागे सरली.

"नको. माझ्यापासून लांबच बरी ती."

"अम्मी, हात लावून काही जात नाही."

"तुला तरी कुठं हात लावून दिलं होतं?"

झेबानं बाळ नोमानकडे दिलं. "तेव्हा तुला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही," ती म्हणाली. "ती चूक तुझी नव्हती."

ताहिरानं ऐकून घेतलं आणि ती न बसताच निघून गेली.

झेबानं ऋचाच्या दवाखान्यात फोन करून अम्मीच्या नावानं सोमवारची वेळ घेतली. ताहिरा गेली नाही. झेबानं पुढच्या सोमवारची घेतली.