चौतिसावी बाटली

लिंबाजी कंपाउंडर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक त्याच्या नावानं बोटं मोडतील.

सोलापुरात एका डॉक्टरांकडं बावीस वर्षं पुड्या बांधून तो ईट गावाजवळच्या आपल्या खेड्यात परत आला, तो डोक्यात एक खूळ घेऊनच. डॉक्टरांनी कधीतरी परदेशातलं एक मासिक वाचता वाचता त्याला सांगितलं होतं, की आईच्या दुधातल्या स्निग्धांशात एक आम्ल असतं आणि तेच खोबऱ्याच्या तेलात भरपूर असतं. गोवरासारख्या रोगाच्या विषाणूला चरबीचं कवच असतं, ते या आम्लानं विरघळत असेल, कदाचित. अंगातली रोगाशी झुंजायची ताकदही वाढत असेल, कदाचित. ही दोन्ही 'कदाचित' लिंबाजी सोलापुरातच विसरून आला.

त्याला तसं कारणही होतं. त्याचा एकुलता एक पोरगा, बब्रुवान, सहाव्या वर्षी गोवरानं गेला होता. लिंबाजी तेव्हा सोलापुरात परक्या पोरांना औषधाचे डोस मोजून देत होता, आणि इकडं गावात त्याची बायको मुक्ताबाई दाराला लिंबाचे डहाळे बांधून बसली होती. तार मिळून तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं बायकोला बोल लावला नाही. फक्त खोबऱ्याच्या तेलाचं ऐकल्यापासून त्याला वाटायचं, की एक चमचाभर तेलानं पोरगं राहिलं असतं. ते दाखवून दिल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. त्र्याहत्तरच्या चैत्रात अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. पोटाला मिळायची ती कामावरची पीठ-गुळाची सुकडी. पोरांच्या अंगात जीव तो काय राहणार? त्यातच गोवराची साथ आली.

लिंबाजीनं वेळ घालवला नाही. तुळजापुरात त्याच्या मावसभावाचं पूजेच्या साहित्याचं दुकान होतं. देवीला फोडलेल्या नारळांच्या वाट्या तिथं पोत्यानं वाळत पडायच्या. दुष्काळात भाविक कमी झाले होते, पण नवस थांबले नव्हते. दोन पोती खोबरं आणून त्यानं घाण्यावर गाळून घेतलं. मुक्ताबाईनं औषधाच्या जुन्या बाटल्या राखेनं घासून दिल्या. चौतीस पोरं अंथरुणाला होती, म्हणून बाटल्याही चौतीसच. सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा, सात दिवस.

आता गोवर म्हणजे गावात ताप नव्हे. गोवर म्हणजे आई. आई घरी आली की चुलीवर फोडणी नाही, तळण नाही, तेलाचा वाससुद्धा नाही. तेलानं आई कोपते. लिंबाजीला हे ठाऊक नव्हतं असं नाही, या गावातच तर वाढला होता तो. म्हणून त्यानं दारोदारी बसून बायांना समजावलं, विषाणू सांगितला, कवच सांगितलं, बब्रुवानचंही सांगितलं. बाया पदर सावरून ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि बाटली ठेवून घ्यायच्या.

वाटपाचा क्रम त्यानं काही ठरवला नव्हता, तो आधीपासूनच ठरलेला होता. आधी पाटलाची आळी, मग माळ्यांची, मग वरच्या अंगाची घरं आणि शेवटी ओढ्यापलीकडची बौद्ध वस्ती. तिथं आजारी पोर एकच होतं, भिमाबाईची पाच वर्षांची चांगुणा. भिमाबाईनं पहिल्याच दिवशी निरोप धाडला होता. लिंबाजी पोचला तिसऱ्या दिवशी, आणि तोवर डब्याचा तळ दिसला होता. कुणाला चार थेंब जास्त गेले, कुठं सांडलं, व्हायचं ते झालं. घरी करडीचं तेल होतं. चौतिसावी बाटली त्यानं त्या तेलानंच भरली आणि वासाला खोबऱ्याचे दोन काप आत सोडले. रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा बरं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. भिमाबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली.

साथ ओसरली. चौतिसातली दोन पोरं गेली, बत्तीस उठली. त्या दोघांना बाटली उशिरा मिळाली, असा हिशोब लिंबाजीनं मनाशी जुळवला. एक सोडून बाकीच्या बाटल्या रिकाम्या होऊन परत आल्या तशी त्याची छाती फुगली. अंगणात त्यांची रांग मांडून तो बघत बसायचा. मुक्ताबाई त्या बाटल्यांकडं बघायची आणि काहीतरी काम काढून आत जायची.

मग त्यानं सोसायटीचे चेअरमन नानासाहेब यांना गाठलं. म्हणाला, सोसायटीनं एक घाणा बसवावा, हे तेल काढावं, आणि साथ येईल तेव्हा आसपासच्या गावांतल्या पोरांना फुकट वाटावं. नानासाहेब सरळ माणूस, पण डोळे मिटून सही करणाऱ्यांतला नव्हे. त्यांनी विषय सभेत ठेवला आणि बाटल्या घेतलेल्या आयांनाही बोलवायला सांगितलं. लिंबाजीला तर आनंदच झाला. ठरावाचा कागद त्यानं स्वतःच्या हातानं लिहून आणला, आणि वरती बारीक अक्षरात बब्रुवानचं नावही घातलं.

सभा सोसायटीच्या गोदामापुढं भरली. लिंबाजी बोलायला उभा राहिला आणि चांगला बोलला. मग नानासाहेबांनी सहज, काही मनात न ठेवता, पुढं बसलेल्या धुरपताबाईंना विचारलं, की तुमच्या नातवाला तेल जेवणाआधी पाजलं का जेवणानंतर.

धुरपताबाई गोंधळल्या. "लेकराला?" त्या म्हणाल्या. "लेकराला कसं पाजायचं, नानासाहेब? घरात आई बसलेली. आईपुढं दिव्यात घातलं. दिव्यातलं तेल आईला चालतं. सात दिवस दिवा इझला न्हाय."

नानासाहेबांनी दुसरीला विचारलं. तिनंही दिव्यातच घातलं होतं. तिसरीनंही तेच केलं होतं. चौथी नुसतीच खाली बघत बसली. लिंबाजी एकेकीकडं बघत गेला. कुणाच्या नजरेत लबाडी नव्हती. चांगल्या माणसानं चांगलं तेल दिलं, ते चांगल्या ठिकाणी लावलं, एवढाच त्यांचा भाव होता. बायांच्या घोळक्यात मुक्ताबाईही होती, आणि तिला हे पहिल्यापासून माहीत होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. लिंबाजीला भर सभेत रडू फुटायची वेळ आली.

तेवढ्यात मागून, बायांपासून जराशी बाजूला बसलेली भिमाबाई उठली.

"म्या पाजलं," ती म्हणाली. "आमच्यात आई येत न्हाय. ताप येतो. तापाला दवा पाजत्यात. माजी चांगुणा दोन दिस डोळं उघडत नव्हती. आता पळती."

ती पुढं आली आणि कमरेची बाटली काढून तिनं नानासाहेबांच्या टेबलावर ठेवली. तळाशी दोन बोटं तेल होतं. "सात दिस पाजून एवढं उरलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या लेकराला हुईल."

सभेत कुजबुज झाली. नानासाहेब बाटलीकडं बघून मान हलवायला लागले. एक तर एक, पण साक्ष पक्की होती. सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं दिलेली होती. लिंबाजीनं नुसतं गप्प राहायचं होतं. ठराव हाताशी आला होता, बब्रुवानचं नाव ठरावावर होतं, आणि बाटलीत काय होतं हे त्या गर्दीत त्याच्या एकट्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तो गप्प राहिलाही, चांगला दोन-चार श्वास घेण्याइतका. मग त्याला त्या दोन बोटं तेलाची लाज वाटली. ती दुसऱ्याच्या लेकरासाठी राखून ठेवलेली होती.

"भिमाबाई," तो म्हणाला. आजवर तो तिला नुसतं भिमा म्हणायचा. "तुमच्या बाटलीत खोबऱ्याचं न्हवतं. करडीचं व्हतं. खोबऱ्याचं संपलं व्हतं."

भिमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. ती रागावली असती तर लिंबाजीला सोसलं असतं.

"करडीचं गाडग्यात माज्याबी घरी व्हतं," ती म्हणाली. "त्याच्यासाठी दोन दिस तुमची वाट बघितली नसती म्या."

लिंबाजीनं खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं.

"आन् आमच्यापाशी आल्यावरच कसं संपलं, कंपाउंडर?"

याचं उत्तर सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या वर्षी टँकरचं पाणीही ओढ्यापलीकडं जाईपर्यंत संपायचं. नानासाहेबांनी ठरावाचा कागद उगाच उलटा करून पाहिला. धुरपताबाईंनी पदर तोंडाशी धरला. लिंबाजी हातातलं उपरणं पिळत उभा राहिला. बब्रुवान गेल्यावर तो गावी पोचला त्या दिवशी अंगणात असाच उभा होता, एवढंच मुक्ताबाईला आठवलं.

भिमाबाई पुढं झाली. टेबलावरची बाटली तिनं उचलली, बूच अंगठ्यानं दाबून घट्ट बसवलं आणि बाटली पुन्हा कमरेला खोवली.

"भाजीला हुईल," ती म्हणाली, आणि ओढ्याकडं चालू लागली.