चांदणीच्या खुराचा दिवस

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्लबची एक घोडी होती, चांदणी. तिला नारायणराव सांभाळत. तीस वर्षं फिटर म्हणून मशीनी जपल्या, निवृत्तीनंतर घोडी हाती आली. हातांना फार वेगळं वाटलं नाही. दर सहा आठवड्यांनी खूर छाटायचे, नाल बदलायचे. तबेल्याच्या दारावर खडूने तारीख लिहिलेली असायची.

गेल्या साली क्लबच्या समारंभापायी ती तारीख दोनदा ढकलली. खूर वाढला, नाल सरकला, चांदणी दोन महिने लंगडली. तो पाय मांडीवर घेऊन शेकताना नारायणराव तिला म्हणाले होते, "पुन्हा नाही गं माय."

आज शेजारच्या करोंद वस्तीतून रफीकमियाँ नालबंद आले होते. पुढचे दोन्ही नाल निघाले, कानस फिरू लागली, तोच क्लबचे सेक्रेटरी देवधरसाहेब सिक्युरिटी गार्डला घेऊन आले.

"नारायणराव, घोडी द्या! दहाला मिरवणूक."

"आज तिच्या खुराचा दिवस आहे, साहेब."

"उद्या करा की. खूर काय पळून जातात?"

"गेल्या साली दोन महिने नाहीच पळाले!"

रफीकमियाँ मिशीत हसले. देवधरांचा चेहरा लाल झाला.

"घोडी क्लबची आहे, तुमची नाही. गार्ड, सोड तिला!"

नारायणरावांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून जुनी लाल पाटी काढून चांदणीच्या गळ्यात अडकवली. 'काम चालू आहे. सुरू करू नये.' खाली त्यांचं नाव. कारखान्यात मशीन उघडली की फिटर ही पाटी लावी. लावणाऱ्यानेच ती काढायची. बडे साहेबसुद्धा हात लावत नसत.

गार्ड मागे सरला. "साहेब, पाटी आहे."

देवधर स्वतः पुढे झाले. वीस वर्षं त्यांनीही कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये काढली होती. हात पाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"अहो, ही काय मशीन आहे?"

"मशीनचा पाय दुखत नाही, साहेब. तरी तिच्यासाठी आपण थांबायचो."

"उद्यापासून येऊ नका!"

"चिठ्ठी पाठवा, वाचीन. आज पाटी माझी आहे."

मिरवणुकीचा बँड वाजत घोडीविना निघून गेला. तबेल्यात हातोडी आपल्या तालात चालू राहिली. शेवटचा खिळा बसला तशी चांदणी फरशीवर चार पावलं चालली, चारही सारखी वाजली. मग नारायणरावांनी पाटी काढली आणि दारावर पुढची तारीख लिहिली, इतकी दाबून की खडू मोडला.

"रफीकमियाँ, त्या दिवशी सकाळीच या."

"और आप?"

"मी असेनच. आत येऊ दिलं नाही, तर फाटकात."