कोऱ्या पंच्याची तहान

मी एक जुना खादीचा पंचा आहे आणि मित्रांनो, घडी होऊन एका जागी पडून राहणं मला कधीच सोसलं नाही. ट्रंकेचं झाकण लागलं की माझा जीव कासावीस होतो. कापसाला पाण्याची ओढ असते, आणि माझ्या वाट्याला सुरुवातीला आल्या त्या फक्त डांबराच्या गोळ्या!

माझा जन्म पवनारचा. गोपिकाबाईनं भाजीचा मळा सांभाळून दुपारच्या वेळी चरख्यावर माझं सूत कातलं. तिच्या हातचं ते पहिलंच सूत. विणकरानं मला मागावरून उतरवून दिलं तेव्हा ती इतकी हरखली की तिनं मला पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. घरी कुणी आलं की तिचे यजमान पुंडलिकराव मला बाहेर काढत. पाहुणे माझ्यावरून हात फिरवत, वाहवा करत, आणि झाकण पुन्हा बंद. त्या कौतुकाचा मला अगदी वीट आला होता.

एका पावसाळ्यात त्यांच्या लहानग्या रंभाला हिवताप आला. आधी हुडहुडी भरली, मग अंग असं तापलं की पोर बरळू लागली. डॉक्टरांनी कुनैन दिलं आणि कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितलं. घरात जुनी फडकी पुष्कळ होती, पण आईचं मन ते! लेकीला घरातलं सगळ्यात चांगलं कापड हवं म्हणून गोपिकाबाई ट्रंकेकडे धावली. अखेर माझी पाळी आली म्हणून मी नुसता उतावीळ झालो.

तिनं मला गुंडातल्या, म्हणजे पितळी घागरीतल्या, गार पाण्यात बुडवलं, पण पाणी माझ्यात शिरेचना. थेंब गोल गोल होऊन घरंगळून गेले. ती मला दाबी, पुन्हा बुडवी, पण कपाळावर मी जवळजवळ कोरडाच पडे. रंभा तळमळत होती, पाणी तिच्या उशाशी होतं, आणि मला ते तिच्यापर्यंत नेता येत नव्हतं. असा संताप मला कधी आला नव्हता.

शेजारच्या सुमतीबाई वर्ध्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. गडबड ऐकून त्या आल्या. त्यांनी मला बाजूला सारलं आणि चुलीजवळचं विटकं फडकं भिजवून रंभाच्या कपाळावर ठेवलं.

"मास्तरीणबाई, नवं कोरं सोडून पोरीले फडकं काऊन लावून राह्यल्या?" गोपिकाबाईनं विचारलं.

"कोरं आहे म्हणूनच पाणी धरत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. कापसाच्या धाग्याकडेही ते ओढले जातात. पण कोऱ्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, त्याच्याशी पाण्याचं जमत नाही. मग ते आपसातच गोळा होतं आणि थेंब ओघळून जातो. या फडक्याचं मेण कधीच धुऊन गेलंय."

"मंग याचं मेण कसं काढाचं?"

"धुण्याचा सोडा घालून चांगलं उकळा. हा ताप दिवसाआड उलटतो. परवा पुन्हा पट्ट्या लागतील."

पुंडलिकराव कळवळले. "सोड्यात घातला तं आटून जाईन थो! मंग लोकाईले काय दाखवाचं?"

"पोरगी दाखवाची," गोपिकाबाई म्हणाली आणि तिनं चूल पेटवली.

मित्रांनो, उकळत्या सोड्यात मी खूप रटरटलो. माझा ताठा गेला, मी आटलो, पाणी पिवळट झालं. मग गोपिकाबाईनं मला धाम नदीत सोडलं मात्र, आणि पाणी माझ्या धाग्याधाग्यातून धावत सुटलं! मी जड झालो. इतकं सुख मला ठाऊकच नव्हतं.

ताप ठरल्याप्रमाणे उलटला. गोपिकाबाईनं मला भिजवून रंभाच्या कपाळावर ठेवलं. चटका बसत होता, पण मी पाणी सोडलं नाही. गोपिकाबाई मला उचलत होती, बुडवत होती, पिळत होती, ठेवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग दोन दिवस धड न बोललेली रंभा डोळे न उघडताच पुटपुटली, "आई, पट्टी गरम झाली. पलटव ना."

गोपिकाबाई ढसाढसा रडली. पाहुण्यांची सारी वाहवा मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकीन.

मित्रांनो, घरात कोरं कापड आलं तर त्याला आधी उकळा, धुवा, पाणी प्यायला शिकवा. मग ते रोज वापरा. मी आता पार विरलोय, रंभाच्या रोजच्या अंघोळीनं माझ्या काठाच्या दशा झाल्यात. होऊ द्या. पोर अंघोळ करतेय ना!